एफ-७ वरचं प्यादं

नमस्कार श्रोतेहो. घरात बुद्धिबळाचा पट असेल तर मांडून बसा. मला आज एकच डाव सांगायचा आहे, नऊ वर्षांखालील मुलांच्या एका जिल्हा स्पर्धेतला.

दोघांनीही राजासमोरचं प्यादं दोन-दोन घरं पुढे टाकलं. मग एकेक घोडा बाहेर आला आणि पांढऱ्याचा उंट सी-४ वर, म्हणजे सी या उभ्या रांगेतल्या चौथ्या घरात, बसला. ही इटालियन सुरुवात. काळी मोहरी घेतलेल्या माझ्या विद्यार्थिनीनं दुसरा घोडा काढला, तर पांढऱ्याचा घोडा थेट जी-५ वर! त्याचा आणि उंटाचा, दोघांचा डोळा एफ-७ च्या प्याद्यावर. त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच जोर नसतो.

तिनं डी-प्यादं पुढे टाकून उंटाची वाट अडवली. पांढऱ्यानं ते मारलं. इथे घोड्यानं परत मारावं असं कुणालाही वाटेल, तिनंही मारलं. पांढऱ्यानं एफ-७ वर घोडा बळी दिला, राजानं तो घेतला आणि वजिरानं एफ-३ वरून शह दिला. आता डी-५ वरचा घोडा राखायचा तर राजाला ई-६ वर, भर पटात यावं लागतं. विसाव्या खेळीच्या आत मात.

या हल्ल्याला ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात. इटलीचा खेळाडू पोलेरियो याच्या नावाशी जोडलेला हा हल्ला १६०० च्या सुमारासचा, म्हणजे चारशे वर्षं जुना. जर्मनीचे थोर खेळाडू तार्राश घोडा जी-५ ला अनाड्याची खेळी म्हणत. मला ते पटत नाही. त्या खेळीला उत्तर अचूकच द्यावं लागतं. आणि शिकवण्यांमध्ये पंधरा-पंधरा खेळ्या पाठ करून घेतात, पण डी-५ वर का मारायचं नाही, हे मुलांना सांगतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

ती स्कोअरशीट घेऊन आली. डोळे भरलेले, पण शेवटच्या मातेपर्यंत प्रत्येक खेळी नीट लिहिलेली. हॉलच्या पायरीवर आम्ही पट मांडला, पांढऱ्यानं डी-५ वरचं प्यादं मारलं तिथपर्यंतचा. मी उत्तर सांगितलं नाही, एवढंच विचारलं, “त्या उंटाला हुसकावता येईल का?” बराच वेळ ती पटाकडे बघत राहिली. मग तिनं सी-६ चा घोडा उचलून कडेला ए-५ वर ठेवला. उंट बी-५ वरून शह देतो, सी-प्यादं आड घालायचं. एक प्यादं जातं, पण काळ्याची मोहरी भराभर बाहेर येतात. हे सगळं तिनंच शोधलं.

पुढच्या फेरीत तिला पांढरी मोहरी आली. चौथ्या खेळीला तिनं घोडा जी-५ वर नेला.