खिडक्या मांडतो कोण?

समोरच्या पडद्यावर तीन खिडक्या आहेत. दोन टर्मिनल, एक ब्राउझर. आता मी चालू असलेला विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांना कडा देऊन त्या मांडणारा प्रोग्रॅम, बंद करतो. इथे तो ओपनबॉक्स आहे. बघा, टायटल बार गेले, कडा गेल्या. खिडकी धरून सरकवायला काही उरलं नाही. पण खिडक्या जागच्या जागी आहेत, आणि माउस जिच्यावर नेईन तिच्यात टाइपही होतंय. (सेशन सुरू होताना चालणाऱ्या माझ्या एक्सइनिटआरसी फाइलची शेवटची ओळ टर्मिनलची आहे. तिथे विंडो मॅनेजर असता, तर त्याच्याबरोबर सगळं सेशनच संपलं असतं. घरी करून बघताना एवढं सांभाळा.)

हे जमतं, कारण एक्स, म्हणजे लिनक्ससारख्या प्रणालींवर पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा, १९८४ साली एमआयटीत सुरू झाली आणि पुढे वाढली, ती एक गोष्ट ठरवून. सर्व्हरने चित्र काढायचं, कळा नि माउसच्या खबरा पोचवायच्या. खिडकी कुठे बसायची हे मात्र दुसऱ्या प्रोग्रॅमने सांगायचं. तो प्रोग्रॅम म्हणजेच विंडो मॅनेजर, आणि तोही टर्मिनलसारखाच एक साधा क्लायंट, म्हणजे सर्व्हरकडे विनंत्या पाठवणारा. फक्त नवी खिडकी उघडायची विनंती आधी त्याच्याकडे जाते, आणि हा मान एका वेळी एकालाच मिळतो. मला ही रचना फार मोलाची वाटते.

म्हणून निवड करताना आधी स्वतःचे हात बघा. दिवसभर खिडक्या ओढून शेजारी-शेजारी लावत असाल, तर ते काम टायलिंगवाल्याला, म्हणजे खिडक्या फरशांसारख्या बसवणाऱ्या विंडो मॅनेजरला द्या: २००६चा डीडब्ल्यूएम किंवा २००९चा आय-थ्री. खिडकी उघडली की तो जागा वाटून देतो, हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. कोड आणि मजकूर लिहिणाऱ्यांना मी हेच सांगेन. पण गिंपसारख्या, छोटे डायलॉग उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिवस जात असेल, तर एकावर एक खिडक्या ठेवू देणारा ओपनबॉक्सच बरा.

आपल्यासाठी आणखी एक कसोटी आहे. फाइलला ‘किल्ल्यांची यादी’ असं नाव द्या आणि टायटल वाचा. डीडब्ल्यूएम अक्षरं सुटी-सुटी काढतो: वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. आय-थ्रीला पँगोचा (अक्षरं जोडून मांडणाऱ्या लायब्ररीचा) फाँट द्या, तेच नाव नीट उमटतं. मी आय-थ्रीकडे वळलो ते यासाठी. स्वतःच्या फाइलचं नाव मोडकं वाचत दिवस काढणं मला जमलं नाही.

एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडवर मात्र सर्व्हर आणि विंडो मॅनेजर बहुधा एकच प्रोग्रॅम असतो. आय-थ्रीची सवय असलेल्यांना तिथे स्वे आहे, आणि तो चांगला आहे. पण तो बंद केला की सहसा खिडक्याही जातात. आत्ताचा प्रयोग तिथे दाखवता आला नसता.

आता याच तीन खिडक्यांवर आय-थ्री चालू करतो. पडद्याचे तीन उभे भाग झाले. ब्राउझरमध्ये मघाशी अर्धवट लिहिलेली ओळ बघा, कर्सर अजून तिच्या टोकाशीच आहे.