जन्मतारीख ठाऊक असलेली दरी

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. भूगोलाच्या बाईंना एक वाईट खोड लागते. कुठल्याही डोंगराबद्दल कुणी विचारलं की 'कोट्यवधी वर्षांपूर्वी' म्हणायचं आणि पान उलटायचं. सह्याद्रीचा कातळ कधीचा? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुलं वहीत उतरवून घेतात, साडेसहा कोटीवर शून्यं किती ते शेजारच्याला विचारतात, की झालं. साडेसहा कोटी वर्षं म्हणजे किती, हे बाईंना तरी कुठे कळलेलं असतं!

आज मी तुम्हाला एका अशा दरीत नेणार आहे, जिची जन्मतारीख ठाऊक आहे. 10 जून 1886. वेळही ठाऊक आहे, मध्यरात्र उलटल्यानंतरची. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी 1853 साली धावली, तेव्हा ही दरी जगात नव्हती.

दरीचं नाव वाइमांगू. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रोटोरुआ नावाचं गाव आहे, तिथून जवळच. लेक ऑकलंडला असते, तिच्याकडे गेले होते. जुलै महिना, म्हणजे तिकडे ऐन थंडी. गाडीतून उतरले आणि पहिला आला तो वास. रेडिओवरून वास पाठवता येत नाही, ते एका परीने बरंच. नासलेल्या अंड्यांचा वास. लेकीने नाकाला रुमाल लावला. मला मात्र एकदम दापोलीकडचं उन्हवरे आठवलं. गरम पाण्याचं कुंड, गंधकाचा वास, आणि गुडघे धरून पायऱ्या उतरणारी आमची आजी.

त्या जून महिन्याआधी इथे रोटोमाहाना नावाचं लहानसं सरोवर होतं. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी; त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थच ऊन पाण्याचं सरोवर. त्याच्या काठावर गरम झऱ्यांतल्या सिलिकाचे थर साचून दगडी पायऱ्या तयार झाल्या होत्या, एका बाजूला पांढऱ्याशुभ्र, दुसऱ्या बाजूला गुलाबी. लोक त्यांना जगातलं आठवं आश्चर्य म्हणत. त्या पाहायला युरोपातून माणसं महिनोन्‌महिने बोटीचा प्रवास करून यायची. त्यांना वाट दाखवायला सोफिया हिनेरांगी ही माओरी बाई असे. 31 मेला ती पाहुण्यांना घेऊन तारावेरा सरोवरातून जात होती, तेव्हा धुक्यातून एक जुन्या घडणीची होडी जाताना दिसली म्हणतात. तशी होडी त्या सरोवरात कुणाकडेच नव्हती. जाणत्या माओरींनी तो अपशकुन मानला. बरोबरच्या गोऱ्या पाहुण्यांनीही ती होडी पाहिल्याचं सांगितलं, त्यामुळे ही गोष्ट नुसती हसण्यावारी नेता येत नाही.

पुढे दहाच दिवसांनी रात्री धरणीकंपाचे धक्के सुरू झाले आणि तारावेरा डोंगर माथ्यापासून उलला. भेग लांबत लांबत रोटोमाहाना सरोवराखाली पोचली. तप्त लाव्हा आणि पाणी एकत्र आलं, आणि सरोवर तळासकट आकाशात उडालं. उजाडेपर्यंत 17 किलोमीटर लांबीची चीर पडली होती. पांढऱ्या-गुलाबी पायऱ्या नाहीशा झाल्या. सुमारे 120 माणसं गेली, त्यांतली बहुतेक माओरी. 'ते वाइरोआ' नावाचं गाव चिखलाखाली गाडलं गेलं. सोफियाचं घर मात्र तगलं. छप्पर चांगलं उतरतं होतं, कोकणातल्या घरांसारखं. साठांहून अधिक माणसं त्या रात्री तिच्या घरात जगली.

त्या चिरेचं दक्षिण टोक म्हणजे वाइमांगूची दरी. त्या रात्रीनंतर इथे हिरवं पान उरलं नव्हतं. आज मी चालत होते ती वाट नेच्यांच्या आणि झुडपांच्या सावलीतून जात होती, आणि त्या झुडपांमधून जागोजागी वाफ निघत होती. एखाद्या वाडीत सकाळी घरोघरी न्हाणीचे बंब पेटावेत ना, तशी.

वाट उतरणीची आहे. पहिलं मोठं पाणी लागतं त्याचं नाव फ्राइंग पॅन लेक. आपण कढई म्हणू. हे धाकटं भावंड, जन्म 1 एप्रिल 1917. तो स्फोट झाला तेव्हा वर पाहुण्यांसाठी बांधलेलं घर होतं, ते उद्ध्वस्त झालं आणि दोन जीव गेले. आज कढईचा विस्तार जवळजवळ साडेनऊ एकर आहे. सगळ्या पृष्ठभागावरून वाफ, काठाशी बुडबुडे. डोळे मिटून उभं राहा, लग्नघरातल्या भाताच्या पातेल्याला आधण आल्यासारखा आवाज येतो. पण गंमत अशी की पाणी उकळत नसतं. ते साधारण 55 अंशांचं असतं. बुडबुडे येतात ते खालून निघणाऱ्या वायूंचे, त्यातलाच एक तो वासाचा. पाय सोडून बसावं असं मला फार वाटलं. 'आई, पाटी वाच,' लेक म्हणाली. पाणी आम्लाचं आहे, आणि 55 अंशही भाजायला पुरेसे असतात.

जरा वर चढून गेलं की इन्फर्नो नावाचं कुंड. नाव नरकाचं, रंग मोरपिसाच्या डोळ्यातल्या निळ्याजवळचा! हे पाणी साधारण 38 दिवसांच्या फेऱ्यात चढतं, काठावरून वाहतं आणि मग कित्येक मीटर खाली जातं. इन्फर्नो वाहू लागलं की तिकडे कढईचं वाहणं मंदावतं. चाळीत वरच्या मजल्यावर नळ सोडला की खालची धार बारीक होते, तसं काहीसं. आम्ही गेलो तेव्हा पाणी बरंच खाली होतं. तीन आठवडे थांबायला विसा असला तरी जावई थांबले नसते.

वाइमांगू म्हणजे काळं पाणी. हे नाव पडलं 1900 साली इथे सुरू झालेल्या उष्ण कारंज्यामुळे. चिखल आणि दगड घेऊन ते कधी कधी 400 मीटरपर्यंत उसळायचं. राजाबाई टॉवर एकावर एक चार रचले तरी त्याहून उंच. 1903 च्या ऑगस्टमध्ये फार जवळ गेलेली चार माणसं त्याने ओढून नेली. त्यांत जोसेफ वॉरब्रिक होता, इंग्लंडला गेलेल्या न्यूझीलंडच्या माओरी रग्बी संघाचा कर्णधार. पुढच्या वर्षी कारंजं थांबलं ते कायमचं. आता तिथे नुसता एक खळगा आहे. लोक त्याच्यासमोरून बोलत बोलत पुढे जातात.

खाली नवं रोटोमाहाना आहे, जुन्याच्या कैक पट मोठं. बोटीतून जाताना काठाच्या कड्यांतून वाफा निघताना दिसतात, आणि त्या पाण्यावर काळे हंस अगदी निवांत. बोटवाल्याने एका जागी इंजिन मंद केलं आणि पायऱ्या इथे कुठेतरी होत्या असं सांगितलं. बोटीत कुणीच बोललं नाही.

तारावेरातून त्या रात्री आला तो बेसॉल्ट. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्याच जातीचा. परतीच्या बसमध्ये माझ्या मनात तेच घोळत होतं, आणि त्यावरून एक जुनी चूक आठवली. सातवीची सहल उन्हवऱ्याला नेली होती. एका मुलाने विचारलं, 'बाई, खाली ज्वालामुखी आहे का?' मला जेवणाची पंगत मांडायची होती. मी म्हटलं, 'असेल.'

तर त्या वर्गातलं कुणी आता ऐकत असेल, तर उत्तर दुरुस्त करून घ्या. आपला ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवला. उन्हवऱ्याचं काय, वज्रेश्वरीचं काय, पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. खाली लाव्हा नाही. प्रश्न मात्र चांगला होता रे, आणि मी तुला पानावर बसायला सांगितलं.

नमस्कार.