ग्राँ-बेची वाट

(दृश्य: तटबंदीवरून खाली ओली वाळू, दूरवर गेलेलं पाणी)

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचं सँ-मालो. ओहोटी लागली आहे. आम्ही तटाच्या दारातून किनाऱ्यावर उतरलो.

मुंबईत पाच मीटरच्या आसपास भरती असली की बातमी होते. इथे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरच्या पुढे जातो. या काँक्रीटच्या पोहण्याच्या तलावाकडे बघा. समुद्र मागे सरकला, तरी आपल्यापुरतं पाणी त्यानं अडवून ठेवलंय. भरतीला हा तलाव बुडतो आणि वर राहतो तो फक्त उडी मारायचा मनोरा.

(दृश्य: दगडी वाट, शेवाळ, चालणारे पाय)

अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यावर चालत गेलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल. पायाखाली तसंच निसरडं शेवाळ, आणि मनात परतीच्या वेळेचा तोच हिशेब. समोरचं बेट म्हणजे ग्राँ-बे. त्याच्या पलीकडे पती-बेवरचा सतराव्या शतकातला किल्ला दिसतो.

(दृश्य: गवतातली चढण, वाऱ्यानं झुकलेली पाती)

फ्रांस्वा-रने द शातोब्रियाँ १७६८ मध्ये याच गावात जन्मला. ‘आताला’ आणि ‘रने’ या छोट्या कादंबऱ्यांनी त्यानं फ्रेंच गद्याला नवा सूर दिला. राजदूत झाला, परराष्ट्रमंत्रीही झाला. पण १८२८ मध्ये त्यानं सँ-मालोच्या महापौरांना पत्र लिहिलं, ते स्वतःच्या थडग्यासाठी या बेटावर थोडी जागा मागायला. तेव्हा तो साठीचा होता. बेट लष्कराच्या अखत्यारीतलं. त्यामुळे पत्रं जात राहिली, उत्तरं लांबत राहिली, वर्षं गेली. अखेर परवानगी मिळाली, थडगं बांधून झालं आणि त्यानंतर तो जवळजवळ दहा वर्षं जगला. गावाबाहेर समुद्रात आपली जागा तयार आहे, हे ठाऊक असताना तो पॅरिसमध्ये बसून आठवणी लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत होता. या आठवणींवर त्यानं तीस वर्षांहून जास्त काळ काम केलं. त्या आपल्या मृत्यूनंतरच छापाव्यात, अशी त्याची इच्छा होती. ४ जुलै १८४८ रोजी तो गेला. त्याच महिन्यात त्याला इथे आणलं, आणि त्याच वर्षी एका पॅरिसच्या दैनिकात त्या आठवणी क्रमशः येऊ लागल्या.

(दृश्य: दगडी क्रूस, लोखंडी कठडा, मागे उघडा समुद्र)

हे ते थडगं. ग्रॅनाइटची शिळा आणि ग्रॅनाइटचाच क्रूस. शिळेवर नाव नाही, तारीख नाही. त्याला तसंच हवं होतं. जवळच्या भिंतीवर नंतर एक पाटी बसवली, तिच्यावरही नाव घातलेलं नाही. पाटी सांगते, की एका थोर फ्रेंच लेखकाला इथे विसावायचं होतं, फक्त समुद्र आणि वारा ऐकू यावा म्हणून. वाटसरूनं त्याच्या अखेरच्या इच्छेचा मान राखावा.

आम्ही पोचलो तेव्हा कठड्याला टेकून कोणीतरी फोनवर मोठ्यानं गाणी लावली होती. मेलेल्या माणसानं एकच गोष्ट मागितली आहे आणि ती देण्यासाठी आपल्याला नुसतं गप्प बसायचं आहे. कृपा करून इथे आलात, तर फोन बंद करा.

आम्हीही आता बोलत नाही.

(वीस सेकंद निवेदन नाही. समुद्र आणि वारा.)

(दृश्य: बेटावरून दिसणारं गाव, तट, उंच कळस)

१९४४ च्या ऑगस्टमधल्या लढाईत तटाच्या आतलं हे गाव बहुतेक सगळं जळालं, कोसळलं. दिसतंय ते पुन्हा बांधलेलं.

(दृश्य: दगडी वाटेच्या दोन्ही बाजूंनी सरकणारं पाणी)

भरती लागली. मधल्या सखल भागात दगडांवरून पाणी खेळू लागलंय. उशीर झाला, तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच थांबावं लागतं. आमच्यामागून शेवटचे दोघं बूट हातात घेऊन येताहेत.

(दृश्य: वाट पाण्याखाली. बेट. क्रूस.)