तिसऱ्या नंबरचा मानसशास्त्रज्ञ

सप्टेंबर १९९७ मध्ये हान्स आयझेंक लंडनला वारले, तेव्हा हयात असलेल्या मानसशास्त्रज्ञांपैकी संशोधनाच्या जर्नल्समध्ये सगळ्यात जास्त सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखांत संदर्भ म्हणून उल्लेख, असलेला माणूस म्हणजे तेच. २००२ साली अमेरिकेत विसाव्या शतकातल्या मानसशास्त्रज्ञांची यादी केली गेली, त्यात नुसती जर्नलमधली सायटेशन मोजली तर पहिला फ्रॉइड, दुसरा पियाजे आणि तिसरे आयझेंक. आपल्याकडे बीएला मानसशास्त्र घेतलेल्या कुणालाही विचारा, अंतर्मुख-बहिर्मुख म्हटलं की हेच नाव निघतं.

जन्म १९१६ चा, बर्लिनचा. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये जर्मनी सोडली, लंडनला शिकले आणि १९५५ ते १९८३ तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्रीमध्ये प्रोफेसर होते. सुमारे ८० पुस्तकं, हजाराच्या कितीतरी वर लेख. एका माणसाने एवढं लिहिलं कधी असेल असंच वाटतं.

पण सायटेशन म्हणजे नेमकं काय मोजलं जातं ते आधी बघू. १९५२ मध्ये त्यांचा एक पेपर आला, जेमतेम सहा पानांचा. त्यात म्हटलं होतं की न्यूरॉटिक, म्हणजे चिंता, भीती असे मानसिक त्रास असलेल्या, पेशंटपैकी साधारण दोन तृतीयांश लोक दोन वर्षांत तसेही बरे होतात, सायकोथेरपीने, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या उपचारांनी, त्यात काही भर पडते याचा पुरावा नाही. थेरपिस्ट लोक प्रचंड चिडले आणि पुढची कित्येक वर्षं हा पेपर खोडून काढायला लेखावर लेख लिहिले गेले, अगदी १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी ३७५ अभ्यासांचे निकाल एकत्र करून थेरपीचा उपयोग होतो हे दाखवलं तोपर्यंत आणि त्याच्या नंतरही. आता गंमत नाही, खरंच सांगते, यातल्या प्रत्येक विरोधी लेखाने आयझेंक यांचं एक सायटेशन वाढवलं. तुम्ही बरोबर म्हणा नाहीतर चूक म्हणा, मोजणीत दोन्ही एकच.

या वादाने शास्त्राचं भलंच झालं असं मला वाटतं. उपचारांचा पुरावा मागायची सवय त्यातून लागली. कॅन्सरच्या पेपर्सचं मात्र तसं नाही.

१९८० च्या दशकात आयझेंक आणि रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक नावाचे संशोधक हे दोघं मिळून लिहायला लागले की माणसाच्या स्वभावावरून त्याला कॅन्सर होणार की हृदयविकार हे सांगता येतं. त्यांच्या आकड्यांप्रमाणे 'कॅन्सरवाल्या' स्वभावाच्या माणसाला कॅन्सरने मरण यायची शक्यता निरोगी स्वभावाच्या माणसापेक्षा १२१ पट. पुढे तर असं की आजाराकडे झुकणाऱ्या स्वभावाच्या काही लोकांना वाचायला एक पत्रक दिलं, थोडं समजावून सांगितलं, आणि १३ वर्षांत त्यांच्यातले ३२ टक्के वारले, ज्यांना दिलं नाही त्यांच्यातले ८२ टक्के. एका पत्रकाने! एवढा फरक पाडणारं औषध वैद्यकात शोधून सापडणार नाही. त्यात या कामाला तंबाखू कंपन्यांचा पैसा होता, आणि दोष सिगारेटपेक्षा स्वभावावर जात होता. ज्याच्या घरात कॅन्सरचा पेशंट आहे त्याने हे ऐकावं, 'तुझ्या स्वभावामुळे झालं' हे वाक्य आजारी माणसाला किती लागत असेल.

कुणालाच शंका आली नाही असं नाही. १९९२ मध्येच अँथनी पेलोसी आणि लुई ॲपलबी या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जाहीरपणे प्रश्न विचारले होते. काही हाललं नाही. २०१९ मध्ये पेलोसींनी 'जर्नल ऑफ हेल्थ सायकॉलॉजी'मध्ये परत लिहिलं, त्या जर्नलचे संपादक डेव्हिड मार्क्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि तेव्हा कुठे किंग्ज कॉलेज लंडनने (आयझेंक यांची इन्स्टिट्यूट आता याच कॉलेजचा भाग आहे) चौकशी केली, म्हणजे मधे २७ वर्षं गेली आणि आयझेंक जाऊनही २२ झाली होती. चौकशीत २६ पेपर विश्वास ठेवण्यासारखे नाहीत असं ठरलं, तेही फक्त ग्रोसार्थ-माटिचेक यांच्याबरोबर लिहिलेले तपासून. २०२० मध्ये १४ पेपर रिट्रॅक्ट झाले, म्हणजे जर्नल्सनी मागे घेतले, आणि बाकी बऱ्याच लेखांवर जर्नल्सनी 'शंका आहे' अशी नोंद लावली.

आणि आकडा? तो जागचा हलला नाही. २००५ मध्ये हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सायटेशनवरून संशोधकाचं काम एका आकड्यात मोजणारा एच-इंडेक्स काढला, म्हणजे निदान ४० सायटेशन असलेले तुमचे ४० पेपर असतील तर तुमचा इंडेक्स ४०, आणि हा इंडेक्स वयाबरोबर वाढतो किंवा तिथेच थांबतो, सहसा खाली येत नाही. पेपर मागे घेतला तरी त्याला आधी मिळालेली सायटेशन कुणी परत घेत नाही, कारण ज्यांनी ती दिली त्यांचे लेख तर छापून झालेत, लायब्ररीत आहेत, त्यावर कुणाची तरी पीएचडी उभी आहे. २०१९ नंतर या घोटाळ्याबद्दल जे जे लिहिलं गेलं त्यातही तेच जुने पेपर संदर्भात आले, आणि मोजणीत तेही जमा झाले.