पहाटे तीनला दिसतं ते घड्याळ

(मोर्शी तालुक्यातल्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेर फळ्यावर आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात समुद्रात बुडी मारायच्या घड्याळांचं काय काम? आपल्याकडे खोल पाणी म्हणजे सिंभोऱ्याचं धरण, आणि तिथेही आपण काठावरूनच बघतो. प्रश्न रास्त आहे. पण ही घड्याळं ज्या दोन गरजांमधून जन्मली त्या बघा. अंधारात वेळ दिसली पाहिजे, आणि ओल्या, सुजलेल्या मनगटावर घड्याळ तासन्‌तास टोचता कामा नये. ओलिताला रात्री वावरात जाणाऱ्या, डुकरांपायी जागलीला बसणाऱ्या माणसाच्या गरजा याच तर आहेत. लाईन रात्री येते, व्हॉल्व्ह ठरल्या वेळी फिरवावा लागतो, आणि मोबाईल चिखलाच्या हाताने काढवत नाही.

मी आयुष्यभर मर्चंट नेव्हीत इंजिन-रूममध्ये काम केलं. तिथल्या उकाड्यात आणि आता संत्र्याच्या बगीच्यात दोन घड्याळं माझ्या हातावर राहिली. एक रोलेक्स सबमरिनर, मॉडेल १६६१०, जुनं म्हणून विकत घेतलेलं. दुसरं ओमेगा सीमास्टर, निळ्या डायलचं, २५३१.८०, सिंगापुरात नवं घेतलेलं. आज मुख्यतः या दोघांची तुलना करणार आहे, पण त्याआधी उजेड येतो कुठून ते समजून घ्यावं लागेल.

सुरुवात रेडियमची. क्युरी पती-पत्नींनी १८९८मध्ये ते शोधलं, आणि काही वर्षांतच झिंक सल्फाइडच्या भुकटीत रेडियम मिसळून घड्याळाच्या आकड्यांवर लावायला सुरुवात झाली. रेडियममधून सतत कण निघतात, ते भुकटीवर आदळतात, भुकटी उजळते. सूर्य नको, बॅटरी नको. पण त्याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात तरुण मुली हे आकडे रंगवायच्या. ब्रशला बारीक टोक यावं म्हणून तो ओठांमध्ये धरायला त्यांना शिकवलेलं होतं. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी कंपनीवर दावा लावला, १९२८मध्ये तडजोड झाली. कामगाराला कामामुळे झालेल्या आजाराची भरपाई मिळाली पाहिजे, हा हक्क पुढे रुजला त्यात या मुलींचा मोठा वाटा आहे. जुन्या डायलचं कौतुक करताना त्यांची नावं घ्यायलाच हवीत असं मी मानतो.

डायव्हिंगची पहिली मोठी घड्याळं याच रेडियमच्या काळातली. १९५३मध्ये ब्लांपां या स्विस कंपनीचं फिफ्टी फॅदम्स आलं. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी कॅप्टन रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांना काळं डायल, ठळक चमकणाऱ्या खुणा आणि डायलभोवती फिरणारी कडी, म्हणजे बेझल, असलेलं घड्याळ हवं होतं. रोलेक्सचं सबमरिनर त्याच सुमाराचं, ओमेगाचं सीमास्टर ३०० हे १९५७चं. या काळातलं एखादं घड्याळ आज हाती लागलं, तर ते अंधारात जवळजवळ दिसणारच नाही. रेडियम मात्र अजून तसंच आहे, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, सोळाशे वर्षांचं. मेली ती झिंक सल्फाइडची भुकटी, कणांचा मार खाऊन खाऊन. म्हणजे उजेड गेला आणि किरणोत्सर्ग राहिला.

साठच्या दशकात ट्रिशियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार, आलं. त्याचे कण इतके दुबळे की घड्याळाची काचही ओलांडत नाहीत, म्हणून ते पुष्कळ सुरक्षित. पण त्याचं अर्धायुष्य फक्त १२.३ वर्षं. १९९०च्या घड्याळात आज जेमतेम आठवा हिस्सा ट्रिशियम उरलं असेल, आणि भुकटीही थकलेली. डायलच्या तळाशी सहाच्या खाली ‘टी स्विस मेड टी’ किंवा ‘स्विस टी’पुढे २५ हा आकडा असेल तर समजा ते ट्रिशियम आहे. त्या खुणा कालांतराने सायीसारख्या पिवळसर होतात आणि संग्राहक त्या रंगासाठी जास्त पैसे मोजतात. मलाही तो रंग सुंदर वाटतो. पण रात्री वावरात त्याचा उपयोग शून्य.

खरा बदल झाला १९९३मध्ये. जपानच्या नेमोतो कंपनीने ल्युमिनोव्हा काढलं. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट नावाचा पदार्थ, त्यात किंचित युरोपियम आणि डिस्प्रोशियम ही मूलद्रव्यं. किरणोत्सर्ग अजिबात नाही. प्रकाश पडला की युरोपियममधले इलेक्ट्रॉन उसळतात आणि पदार्थातल्या सापळ्यांमध्ये अडकून बसतात. मग आजूबाजूच्या उष्णतेने ते एकेक करून सुटतात, परत जागेवर येतात आणि येताना हिरवा प्रकाश सोडतात. भरलेला मातीचा रांजण पाझरतो तसं हे आहे: आधी भराभर, मग थेंब थेंब, पण रात्रभर. जुन्या भुकटीपेक्षा साधारण दहापट उजळ आणि दहापट टिकाऊ. स्वित्झर्लंडमध्ये १९९८च्या सुमारास हे रुळलं, तिकडे सुपर-ल्युमिनोव्हा या नावाने. डायलखाली ‘टी’ जाऊन नुसतं ‘स्विस मेड’ उरलं ते तेव्हापासून.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. सापळ्यांमधून सुटका उष्णतेने होते, म्हणून आपल्याकडे मे महिन्याच्या रात्री हा रंग जास्त उजळ दिसतो पण लवकर ओसरतो. पौषातल्या थंडीत आधीच मंद, पण चिवट. दुसरी गोष्ट, तो भरतो निळ्या-जांभळ्या प्रकाशाने. डोक्याला बांधायच्या पांढऱ्या एलईडी बॅटरीत निळा अंश भरपूर असतो, म्हणून तिने तो चटकन भरतो. तांबडा दिवा तासभर दाखवा, काही होणार नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. दुकानदार डायलवर बॅटरी मारतो, हाताचा आडोसा करतो आणि म्हणतो, बघा कसं पेटलं! त्या उजेडावर घड्याळ घेऊ नका. तो पहिल्या काही मिनिटांतला आहे, भराभर ओसरणारा. आणि तुमचा डोळाही तेव्हा अंधाराला सरावलेला नसतो. डोळ्यातल्या दंडपेशी, म्हणजे अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी, पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा त्या जाग्या झाल्या की हजारपटीने मंद उजेडही दिसतो, आणि नेमक्या निळसर-हिरव्या रंगाला त्या सगळ्यांत हळव्या असतात. म्हणून परीक्षा पहाटे तीनला घ्यायची: संध्याकाळी सूर्यप्रकाश खाल्लेलं घड्याळ, आठ तास अंधार, आणि बॅटरीचा उजेड न पडलेला डोळा. एक युक्ती सांगतो. डोळ्याच्या मधोमध दंडपेशी नसतात. अंधुक डायलकडे रोखून बघितलं तर ते नाहीसं होतं. नजर किंचित बाजूला ठेवा, काटे दिसू लागतात.

या परीक्षेत सबमरिनर पुढे आहे. दोन्ही घड्याळांत पदार्थ एकाच जातीचा, पण सबमरिनरच्या गोल खुणा मोठ्या, आणि तास काट्यावरचा गोलही चांगला भरलेला. बाराला त्रिकोण, तीनला तारखेची खिडकी, सहा आणि नऊला लांब पट्ट्या. त्यामुळे झोपेतून उठलेल्या माणसालाही घड्याळ उलटं की सुलटं ते कळतं. सीमास्टरचे काटे तलवारीसारखे पण मधून पोकळ कोरलेले आहेत. दिवसा ते फार देखणे दिसतात. रंग मात्र टोकाकडेच भरलेला, म्हणून पहाटे तास काटा कोणता नि मिनिट काटा कोणता हे ओळखायला क्षणभर थांबावं लागतं. रंगाच्या गुणापेक्षा रंगाचं क्षेत्रफळ आणि जाडी महत्त्वाची, हे इथे कळतं. रोलेक्सने २००८पासून क्रोमालाइट नावाचा निळा रंग आणला, तोही चांगला आहे, पण माझ्या जुन्या हिरव्यात मला काही उणीव भासलेली नाही.

सेकंद काट्यावर एक ठिपका असतो, तो शोभेचा नाही. डायव्हिंग घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ तर दिसलीच पाहिजे, शिवाय घड्याळ चालू आहे हेही कळलं पाहिजे. पाण्याखाली बंद पडलेलं घड्याळ हे घड्याळ नसण्यापेक्षा वाईट.

आता मनगटाकडे येऊ. लोक व्यास विचारतात: चाळीस मिलिमीटर की एक्केचाळीस? सबमरिनर ४०, सीमास्टर ४१, फरक हाताला कळतही नाही. सेको या जपानी कंपनीचं १९७५चं ६०० मीटरवालं ‘टूना’ दिसायला डब्याएवढं, पण त्याला चेन अडकवायची टोकं बाहेर आलेली नाहीत आणि केस, म्हणजे बाहेरचं कवच, टायटेनियमचं, म्हणून ते वाटतं त्यापेक्षा कितीतरी सुसह्य. आराम ठरतो तो टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीवर, मागच्या झाकणाच्या उंचीवर आणि सगळ्यांत जास्त चेनच्या लॉकवर.

आपल्या उन्हाळ्यात मनगट सकाळी एक असतं, दुपारी दुसरं. पंचेचाळीस अंशांत हात फुगतो आणि सकाळी नीट बसलेली चेन दुपारी करकचून आवळते. इथे १६६१०चं जुनं लॉक मला अतिशय प्रिय आहे. ते पत्रा दाबून केलेलं, हलकं, हातात घेतलं की खुळखुळतं. एवढ्या महागड्या घड्याळाला असलं लॉक म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. पण त्याच्या कडेला छिद्रांची रांग असते. टोकदार काहीही घ्या, बाभळीचा काटासुद्धा चालतो, स्प्रिंगची पिन एक छिद्र सरकवा, झालं सैल. आणि हलक्या चेनमुळे घड्याळ मनगटावरून घसरून खाली ओढत नाही. २०१०च्या स्टीलच्या नव्या सबमरिनरमध्ये ग्लाइडलॉक आलं, त्यात काट्याशिवाय दोन-दोन मिलिमीटरने चेन वाढते. सोय मोठी, पण घड्याळही जड आणि रुंद खांद्यांचं झालं.

सीमास्टरची चेन बारीक कड्यांची, त्यामुळे ती मनगटाभोवती कापडासारखी वळते. हिवाळ्यात तिच्याइतकं सुखाचं काही नाही. पण माझ्या चेनच्या बटणाच्या लॉकमध्ये थोडं सैल करायची छिद्रं नाहीत. कडी काढा नाहीतर घाला. त्यामुळे चैत्र ते ज्येष्ठ मी तिला नायलॉनचा पट्टा लावतो. दोन्ही घड्याळांत पट्टा अडकवायच्या जागेची रुंदी २० मिलिमीटर असल्याने एकच पट्टा दोघांना चालतो. सीमास्टरला दहाच्या बाजूला आणखी एक बोंड आहे, ते हेलियम बाहेर सोडायचं. समुद्रतळावर दिवसचे दिवस हेलियममिश्रित हवेच्या कोठडीत राहणाऱ्यांसाठी ते असतं. तुम्ही-आम्ही ते घट्ट बंद ठेवावं, एवढंच.

चावीचं बोंड तीनच्या बाजूला असतं, ते फावडं धरताना हाताच्या पाठीत रुततं. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराकडे, दोन बोटं सरकवून घाला. जातिवंत डायव्हर तसंच घालतात. रोलेक्सचंच सी-ड्वेलर १६६०० मी मित्राचं घालून पाहिलं आहे: व्यास तोच चाळीस, पण १२२० मीटरच्या दाबासाठी केस जाड, म्हणून ते हातावर उंच बसतं आणि कलंडतं.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली, त्यातली दोन सांगतो. एका ताईंनी विचारलं, घरी आजेसासऱ्यांचं गजराचं जुनं घड्याळ आहे, आकड्यांवरचा रंग तपकिरी झालाय, ते घातक आहे का? ताई, तो रंग रेडियमचा असू शकतो. काच शाबूत असेल तर ते बंदच राहू द्या आणि निजायच्या उशाशी ठेवू नका. उघडून रंग खरवडायचा नाही, लेकरांच्या हाती द्यायचं नाही. धोका श्वासातून आत जाणाऱ्या भुकटीचा आहे.

एका तरुणाने विचारलं, ट्रिशियमचं जुनं घड्याळ स्वस्तात मिळतंय, त्यात नवा रंग भरून घेऊ का? भाऊ, मूळ डायलला हात लावला की त्याची किंमत उतरते आणि ते परत मूळ होत नाही. तुला रात्री वापरायचं असेल तर १९९८नंतरचं, डायलखाली ‘टी’ नसलेलं घे. घेतल्यावर आधी त्याची रबरी सील बदल आणि दाबाची चाचणी करून घे. डायलवर ३०० मीटर लिहिलं असलं तरी ते नव्या सीलपुरतं. पंचवीस वर्षांचं रबर घामालाही आत सोडतं, आणि स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटला ओलावा सोसत नाही, रंग काळवंडतो. चाचणी झाली की खुशाल धरणात उतर.