मी शिकवत नाही, उभी असते

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मुलांना जंगलात शिकवतात’ असं छापलंय. आधी तेवढं दुरुस्त करते. मी शिकवत नाही. दर शनिवारी दोन-अडीच तास झाडाखाली उभी असते आणि बराच वेळ गप्प असते. एवढ्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलं, हे ऐकून आमच्या घरी अजून हसतात.

मुलं झाडांमध्ये आपल्या मनाने खेळतात, त्यातूनच शिकतात आणि मोठी माणसं फक्त लक्ष ठेवतात. इथे ब्रिटनमध्ये याला फॉरेस्ट स्कूल म्हणतात. कल्पना आली डेन्मार्कहून. १९९३ साली सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजातले बालसंगोपनाचे विद्यार्थी आणि शिक्षक तिकडे गेले. तिथल्या बालवाडीतली पोरं थंडी-पावसात बाहेर मनसोक्त खेळताना त्यांनी पाहिली आणि परत येऊन तसंच काहीतरी सुरू केलं. २०१२मध्ये फॉरेस्ट स्कूलची राष्ट्रीय संघटना झाली. तिच्या सहा तत्त्वांपैकी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचं. एक सहल काढली, फोटो टाकले, झालं, असं नाही.

कारण पहिले दोन शनिवार मुलं माझ्याकडे बघत राहतात. ‘आता काय करायचं?’ तिसऱ्या-चौथ्या वेळी हा प्रश्न बंद होतो.

अशाच एका चौथ्या शनिवारी सहा वर्षांचा एक मुलगा ओढ्यात बंधारा घालत होता. ओढा म्हणजे काय, वीतभर पाणी. तो मोठे दगड रचायचा, पाणी फटींतून निघून जायचं. आणखी मोठा दगड, तरी तेच. फटीत चिखल भर, हे माझ्या जिभेवर आलं होतं. हात खिशात घातले आणि ओठ मिटले. वीस-पंचवीस मिनिटांनी त्याच्या बुटाचा चिखल एका दगडावर फासला गेला आणि तिथलं पाणी थांबलं. मग काय, मुठी भरभरून चिखल! बंधारा उभा राहिला, मागे पाणी तुंबलं आणि पठ्ठ्याने लाथ मारून तो स्वतःच फोडला. बाबा फोन घेऊन पोचेपर्यंत फोटो काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न: पडला-झडला तर? नॉर्वेच्या संशोधक एलन सॅन्डसेटर यांनी २००७मध्ये धोका असलेल्या खेळाचे सहा प्रकार मांडले. उंची, वेग, हत्यारं, आग-पाण्यासारख्या गोष्टी, कुस्ती-झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड होणं. शेवटचा प्रकार आपल्याला सगळ्यात जड जातो, मलाही. पण मुलांना हवा असतो तो नेमका तोच.

झाडाबद्दल माझा एकच नियम आहे. मी कुणाला उचलून फांदीवर बसवत नाही. आपण होऊन चढलेल्याला उतरायची वाट बहुधा ठाऊक असते. आणि ‘सांभाळून!’ असं ओरडत नाही. त्या शब्दातून मुलाला आपली भीती तेवढी कळते, पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. त्यापेक्षा ‘ती फांदी वाळलीय का, बघ’ म्हणावं.

हे सगळं मोकाट वाटतं, पण तसं नाही. मुलं यायच्या आधी मी जागेवरून फिरते ती मान वर करून, कारण भीती असते ती वरून पडू शकणाऱ्या वाळक्या फांद्यांची. पावसात आम्ही जातो, सोसाट्याच्या वाऱ्यात रद्द करतो. शेकोटीभोवती ओंडक्यांचं रिंगण असतं आणि पलीकडे जायचं तर रिंगणाच्या बाहेरून. काठी तासायची तर हातमोजा काठी धरलेल्या हातात घालायचा, सुरीच्या नाही. घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि केसांच्या कडेला गोचीड बघायची. हे मी दर वेळी सांगते आणि निम्मे पालक विसरतात.

आपल्या मंडळातल्या पालकांची खरी अडचण कपड्यांची आहे. नवी पॅन्ट घालून आलेलं मूल दर पाच मिनिटांनी पॅन्टच बघतं, किडा बघत नाही. तेव्हा जुने कपडे, वरून पावसाळी पॅन्ट, आणि मोजे दोन जोड द्या. पहिला जोड पहिल्या दहा मिनिटांत ओढ्यात जातो.