दहा सेंटीमीटरची पेटी

(दृश्य : काचेची चौकोनी पेटी. वरून पाण्याची धार.)

ही पेटी नीट बघा. आतून मोजली तर लांबी, रुंदी, उंची, तिन्ही दहा-दहा सेंटीमीटर. काठोकाठ भरली की झालं एक लिटर. फ्रान्समध्ये १७९५ साली लिटर ठरला तोही असाच.

आता पाणी ओतून टाकू आणि आत एक सेंटीमीटरचे ठोकळे रचू. एका ओळीत दहा. अशा दहा ओळींचा तळाचा थर, शंभर ठोकळ्यांचा. थर दहा. म्हणजे हजार ठोकळे, आणि त्यातला एकेक ठोकळा म्हणजे एक मिलिलिटर. इंजेक्शन देताना ‘दोन सीसी’ म्हणतात ना, तो सीसी हाच. घनसेंटीमीटर म्हणत बसायला वेळ कुणाला आहे?

लिटरचे मिलिलिटर करायचे तर हजाराने गुणा, उलट यायचं तर हजाराने भागा. पाव लिटर २५०, पाऊण ७५०, सव्वा १२५०. पावकी-पाऊणकी घोकलेल्यांना यात शिकण्यासारखं काही नाही. मधला डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर, एरवी फारसा दिसत नाही. रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टवर मात्र हमखास भेटतो.

(दृश्य : ड्रॉपरच्या टोकाला लोंबणारा थेंब, अगदी जवळून.)

या पेटीने एकदा तज्ज्ञांनाही चकवलंय. १९०१ साली लिटरची व्याख्या बदलली : एक किलो शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापतं, तो लिटर. पण प्रमाण म्हणून जपलेला किलोचा ठोकळा मुळातच किंचित भारी निघाला होता. त्यामुळे लिटर पेटीत मावेना. किती उरायचा? ०.०२८ मिलिलिटर. एक थेंबसुद्धा नाही! तेवढ्यासाठी १९६४ साली ती व्याख्या मोडीत काढली आणि लिटर पुन्हा पेटीत बसवला.

आपल्या चुका थेंबाएवढ्या नसतात. एका घनमीटरमध्ये लिटर किती, असं विचारून बघा. मीटरमध्ये शंभर सेंटीमीटर हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून बरेच जण शंभरच म्हणतात. पण मीटरभर लांबीत आपल्या पेट्या बसतात दहा. रुंदीतही दहा, उंचीतही दहा. पुन्हा हजार. घनमीटरला किलोलिटर म्हणतात ते यामुळेच.

(दृश्य : रिकामी टाकी, आत मोजपट्टी टाकलेली.)

ही टाकी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, ०.८ मीटर उंच. गुणाकार करा : १.२ घनमीटर. शंभरने गुणणारा म्हणेल, १२० लिटर, ठेवा कुठेही. प्रत्यक्षात पाणी भरतं १२०० लिटर, आणि लिटरमागे जवळपास एक किलो. टाकी ज्या माळ्यावर ठेवायची, त्याच्यावर सव्वा टनाच्या आसपास भार येतोय.